पाच सेकंद काळ्यासमोर

तपासणीच्या खोलीत आमचा नियम साधा आहे.
कुपी उचलायची, मान धरून हलकेच फिरवायची,
पाच सेकंद काळ्या पडद्यासमोर,
पाच सेकंद पांढऱ्यासमोर.
काळ्यावर काचेचा कण चमकतो, एखादा पांढरा तंतू.
पांढऱ्यावर रबर दिसतं, गंज, काहीतरी जळकं.
एकाच पडद्यावर भागत नाही.
एकोणीस वर्षं मी हेच करते आहे
कॉर्कच्या बंदराकाठी, खिडकी नसलेल्या खोलीत.

सोमवारी नवी मुख्य अधिकारी आली.
मंगळवारच्या जेवणापर्यंत
तिच्याविषयी सगळ्यांना सगळं माहीत होतं.

फिन्बार म्हणाला, आधी बिस्किटं विकायची म्हणे,
आता इंजेक्शनं. डबा तेवढा बदलला.
जुसाराला तिचे बूट आवडले, सपाट आणि झिजलेले.
'चालणारी बाई आहे.'
'कुठवर चालते ते बघू,' बॉयलरवरचा डोनल
सूपमध्ये पाव बुडवत म्हणाला.
त्यानं पाच साहेब पाहिलेत.
पाचही जण पहिल्या भाषणात 'आपलं कुटुंब' म्हणाले,
आणि तिसऱ्यानं त्या कुटुंबातले सोळा जण
एका शुक्रवारी चहाच्या आधी घरी पाठवले.
ही 'कुटुंब' म्हणालीच नाही.
डोनलला त्याचीच जास्त भीती वाटते.

पगारपत्रकवाली गोबनेट सांगत होती,
तिनं साहेबांची राखीव पार्किंग काढून टाकली,
स्वतः लांब कुंपणापाशी गाडी लावते, पावसात भिजत येते.
'भिजणं स्वस्तात पडतं,' पुन्हा डोनल.
व्हिएस्लाव काहीच बोलला नाही.
त्याचा करार मार्चमध्ये संपतो.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात.
चौथ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली,
गाऊन घालून, केसांना जाळी, अंगठी काढून ठेवलेली.
अंगठीच्या जागी गोरा वळ.
शेजारच्या स्टुलावर बसली, म्हणाली, एक दे.

दहा सेकंदांचं काम. तिनं मिनिटभर घेतलं.
'इथे काहीतरी आहे.'
मी म्हटलं, थांबा.
बुडबुडा असेल तर वर जाईल,
कण असेल तर खाली बसेल.
हलवल्या हलवल्या दोघं सारखेच नाचतात.

थांबलो दोघी.
हवा सोडणाऱ्या जाळीचा आवाज तेवढा.
ते वर गेलं.

'हजारात किती बाद करतेस?'
'तीन.'
'आणि कॅमेऱ्याचं यंत्र?'
(त्याचं दरपत्रक तिच्या टेबलावर आहे,
हे गोबनेटकडून कळलेलं, तिच्याकडून नाही.)
'चाचणीत नऊ काढले होते,' मी म्हटलं,
'त्यातले सहा बुडबुडे.'
दर सहा महिन्यांनी माझे डोळे तपासतात,
गेल्या खेपेला काठावर पास झाले,
ते सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

उठली, आणि टेबलापलीकडे उभ्याउभ्या
छोट्या वहीत एक आकडा लिहिला. एकच.
मला तो सहा दिसला.
पण वही तिनं तिरकी धरली होती,
आणि माझ्या डोळ्यांसमोर अजून पांढरा पडदा होता.

कॅन्टीनमध्ये त्यावरून दोन तट पडले.
फिन्बारच्या मते नऊच, यंत्र उन्हाळ्याआधी येणार.
जुसारा म्हणते सहा, बाईला बुडबुडे कळले.
डोनल म्हणतो, गाडी लावल्याचा नंबर असेल,
कुंपणापाशी विसरायला होतं माणसाला.
व्हिएस्लावनं पहिल्यांदाच तोंड उघडलं,
मीठ मागायला.

मग सगळे माझ्याकडे वळले.
तू तर तिच्या शेजारी बसलीस,
तू सांग, कशी आहे?

काय सांगू.
आत्ताच तर हलवलंय.
सगळंच नाचतंय अजून.