चोवीस पेले

कुरुंदवाडच्या खाली, कृष्णा वळते तिथं
वाळूत चोवीस पेले पुरायचे,
काठाला काठ जुळवून, पाच-पाच पावलांवर.
तळाशी दोन बोटं साबणाचं पाणी.
रसवंतीतलेच पेले, डझनावर मिळतात.
माझं पद प्रयोगशाळा सहायक, रोजंदारी.
पिशवीत चाळणी, चिमटा, वही आणि डबा.
हे सहावं वर्ष.

पहिल्या वर्षी वाघभुंगेरे असायचे.
पाऊल टाकलं की उडायचे,
दोन हातांवर उतरायचे,
आणि वळून माझ्याकडंच तोंड करून उभे,
हिशेब मागितल्यासारखे.
उलट्या पेल्यात पडत नाही.
त्याची नरसाळी दोरीच्या चौकटीत मोजायची.
लहानपणी त्याच्या कडेला आम्ही गवताची काडी फिरवायचो,
मुंगी आली असं समजून तो वाळू उडवायचा,
आम्ही हसायचो.
एका चौकटीत एकतीस. वहीत आहे अजून.

मग रस्ता झाला. रस्ता कुणी केला नाही,
ट्रॅक्टर गेले, तो झाला.
रविवारी जीपवाले येतात,
गोल गोल फिरवतात, केक कापतात,
मेणबत्त्या वाळूत खोचून जातात.
पायाचा ठसा उलट्याच्या घरापेक्षा मोठा खड्डा,
पण त्यात कुणी राहायला येत नाही.

अरिहंत मगदूम रात्रपाळीचा. डंपर त्याचा नाही.
मी पहाटे पोचते तेव्हा तो चाकाला टेकून
चूळ भरत असतो.
एकदा म्हणाला, ताई, आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत.
दिव्यावर किडं येत्यात, ताटात पडत्यात.
त्याच्या मागं हेडलाइटच्या काचेवर
रात्रभराचे पंख चिकटलेले.
त्यानंच बोटानं पुसले, हळू,
आणि बोट विजारीला.
मग विचारलं,
तुमच्या पेल्यातलं जित्तं सोडता व्हय?

मी वहीवर तारीख घातली.

यंदा पेले भरलेले निघतात.
एकच तांबूस मुंगी, बारकी, शेकड्यानं.
जिथं केक, जिथं चिप्सचं पाकीट, तिथं ती.
एकूण आकडा पहिल्या वर्षाच्या दुप्पट.
साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला:
बेरीज मला दाखवू नकोस, शैलजा. नावं वाच.
मी वाचलं. एका दमात संपलं.
पहिल्या वर्षी मधे पाणी प्यावं लागलं होतं.

काल शेवटची फेरी.
एकोणिसाव्या पेल्याच्या काठावर
तो होता. पाठीवर सहा ठिपके,
पुढचे पाय काठावर,
तोंड आत, पाण्याकडं.
मी थांबले. माझी सावलीही थांबवली.
मागं कुठंतरी इंजिन सुरू झालं,
वाळूचे चार कण पेल्यात घरंगळले.
त्यानं तोंड वळवलं. माझ्याकडं.

पेला उपसला. पाणी लांब, गवतात ओतलं.
खड्डा हातानं बुजवला.
वहीत लिहिलं:
क्रमांक एकोणीस, गहाळ.
बाकीच्या तेवीसांत वाघभुंगेरे
शून्य.

हेच आता छापून येईल.