मिळाले

अडसूळ वकील म्हणाले, नीट ऐका.
एक पोस्टाने, रजिस्टर, पोचपावतीसकट.
एक हातोहात, साक्षीदार घेऊन.
नाहीच घेतली तर दारावर चिकटवायची,
दिसेल अशी, आणि फोटो काढायचा.
काही झालं तरी बोलायचं नाही.
चहा तर अजिबात नको,
उलटतपासणीत तो चहाच निघतो.

पोस्टाची परत आली.
पाकिटावर निळ्या पेन्सिलीत: 'दुकान बंद. सूचना दिली.'
खोटं. वामन तांबटांचं दुकान
मी बावन्न वर्षांत दोनदा बंद पाहिलंय.
एकदा काकू गेल्या तेव्हा,
एकदा माझे वडील.

म्हणून मंगळवारी रास्ता पेठेत गेलो.
साक्षीदार म्हणजे मेव्हणा,
तो बाहेर स्कूटरवरच बसून राहिला.

सात बाय नऊ. भाडं एकशे दहा.
शेकलेल्या रबराचा तोच वास,
भिंतभर उलटी अक्षरं:
खजिनदार, मुख्याध्यापिका, सत्यप्रत, रद्द.
शाळेत जायच्या आधी
मी इथे बसून आरशातलं वाचायला शिकलो.
सुलट अक्षरांना नंतर वेळ लागला.

पाकीट पुढे केलं. बोललो नाही.
काकांनी हात पुसले, भिंग डोळ्याला लावलं
आणि थेट शेवटच्या पानावर गेले, शिक्क्यावर.

'अडसुळांचा ना? माझाच आहे.
हा ॲडव्होकेटचा चंद्र बघ, अर्धा झिजलाय.
किती वेळा सांगितलं, पाठवून द्या, नवा करतो.
असा कागद कोर्टात जातो, बरं दिसतं?'

मग पहिल्यापासून. सावकाश, ओठ हलवत.
'माझ्या अशिलाच्या मुलास दंतचिकित्सालयासाठी
सदर जागेची निकड असून...'

'निषाद दातांचा डॉक्टर झाला?'

मी मान हलवली.
मान हलवणं बोलण्यात धरतात का,
वकिलांना विचारायचं राहिलं होतं.

स्थळप्रत सरकवली, सहीसाठी.
त्यांनी खणातून तारखेचा शिक्का काढला,
अंगठ्याने पट्टे फिरवले.
दिवस आला. महिना आला. वर्ष येईना.
'कंपनी बाराच वर्षं देते,' म्हणाले,
'ती डिसेंबरात संपली.'
वर्ष पेनाने लिहिलं.
मग दुसरा शिक्का, आधी रद्दीवर एकदा,
मग कागदावर, कोपऱ्याला समांतर:
मिळाले.
खाली सही, तांबटांतल्या टिंबासकट.

'ओलं आहे. घडी घालू नकोस,
पलीकडे उमटेल.'

तेव्हा मी तसाच उभा,
दोन्ही तळव्यांवर कागद उघडा धरून,
शाई वाळायची वाट बघत.
समोरच्या पोराने दोन ग्लास आणून ठेवले.
काकांनी एक उचलला,
दुसऱ्याकडे बोट केलं, माझ्या हातांकडे पाहिलं,
आणि काही म्हणाले नाहीत.

चहा मी घेतला नाही. हे शपथेवर सांगेन.
उशीर का म्हणून मेव्हणा आत आला
आणि तो त्यानेच प्यायला.