ओव्हर

ताकोराडीच्या हॉटेलात व्यापाऱ्यांचा नाश्ता.
एको बायडू, निवृत्त सार्जंट, सिग्नल्स,
खुर्चीतही सावधान.
खिशात शंभर कार्डं, शाईचा वास अजून न गेलेली:
शीतगृहांची वायरिंग, दुरुस्ती, चोवीस तास.

हातात हात येतो, कार्ड जातं,
समोरची नजर मात्र केव्हाच
त्याला ओलांडून पुढच्या टेबलावर.

बोलून झालं की तो थांबतो,
‘ओव्हर’ म्हटल्यासारखा.
पलीकडे नुसती खरखर.

अकरा महिने. पेन्शनीतून पेट्रोल.
एफुआ काही विचारत नाही,
धुवायच्या आधी शर्टाचा खिसा चाचपते,
उरलेली कार्डं मोजते.

मग एका रात्री फोन:
‘लेबनॉन. डोंगरावरची चौकी. ओळखलंस?’

चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता.
आवाज तेवढा ओळखीचा,
चौदा महिने रोज पहाटे तीनला
‘आहेस ना?’ एवढंच विचारणारा.

‘मासळीचा धंदा आहे रे माझा.
दोन कोल्ड रूम बंद पडल्यात.
तुझं कार्ड सापडलं, बंदरावरच्या एका ऑफिसात,
चहाच्या ग्लासाखाली.’

एको पेन्सिल शोधतो.
पत्ता दोनदा वदवून घेतो,
अक्षर न् अक्षर सुटं करून.

आणि मग दोघंही गप्प,
फोन आधी कोणी ठेवायचा
हे कुठल्याच नियमात नसल्यामुळे.