खटका

रामनयनने कपाटाला तीन दिवस रंग लावला,
मग दोन दिवस बसून तोच रंग पॉलिशपेपरने खरवडला.
दोन्ही कामांची मजुरी वेगवेगळी.
म्हणाला, नवं करणं सोपं असतं, मॅडम.

खारघर, सेक्टर पस्तीस, चौदावा मजला.
इथे डोंगर सोडला
तर माझ्याहून वयाने मोठं काही नाही.
मी चौथीत असताना या जागी भात होता.
असलंच भात मोजलेली एक पायली
आता आमच्या दारात आहे, तिच्यात किल्ल्या.
तुर्भ्याच्या गोदामातून आणली, पावतीसकट.

बाकीचंही असंच जमवलं:
जुन्या नक्षीची फरशी, मोरबीहून, खोक्यांत;
रेडिओ, ज्याच्या पोटात ब्लूटूथ;
एनॅमलचे मग, काठाला टवका उडालेले,
सहाच्या सहा मगांना एकाच जागी टवका.
आणि भिंतीवर एक जोडपं. मुंडावळ्या, खुर्ची,
मागे पडद्यावर रंगवलेला बगीचा.
कोण हे, विचारलं की नवरा सांगतो, दुकानात होते.
मी एकदा पाहुण्यांना म्हटलं, माझ्या आजोळचे.
कुणी हरकत घेतली नाही.
त्या दोघांनीही नाही.

बटणं मात्र मला तीच हवी होती, काळी, गोल,
बोंडासारख्या दांडीची,
खाली ओढली की खट्ट वाजणारी.
मोरेश्वर भोईर, मूळचा ओव्याचा,
चार दिवस वायरी फिरवत होता.
जाताना लाकडी बोर्डावर थाप मारून म्हणाला,
"ताय, आत सगला नवा हाय. बिनघोर लावा."
मग हत्यारांची पिशवी बांधता बांधता,
"आमच्या घरानबी असाच बोर्ड होता.
घर गेला तवा कोनी काढून नाय घेतला."

दिवाळीनंतर वाशीहून आई आली.
चरईतल्या चाळीतलं तिचं पहिलं बिऱ्हाड
तिला इथे दिसेल, डोळे भरून येतील,
असं मी धरूनच चालले होते.
तिने मग उचलला, टवक्यावरून अंगठा फिरवला.
"हे असले मी बोहारणीला घातले," म्हणाली.
"सात मगांवर एक स्टीलचा डबा. तोही घासाघीस करून."
तो डबा तिच्याकडे अजून आहे. रवा असतो त्यात.
भिंतीवरच्या जोडप्यापाशी जरा थांबली.
"ह्यांची मुलं कुठे असतात?"

संध्याकाळी, नको म्हटलं तरी,
ओट्यापाशी भांडी विसळत होती. अंधारत आलं.
मी बाहेरूनच म्हटलं, आई, बटण तुझ्या डाव्या हाताला.
तिने हात पुढे केला
आणि मागे घेतला.
पदराला पुसला. आधी तळवा,
मग बोटांच्या बेचक्या, मग पुन्हा तळवा.
पायाने पायपुसणं ओढून त्यावर उभी राहिली.
मान वळवून, डोळे बारीक करून,
एका नखाने बटण खाली ओढलं.

खट्ट.

वाशीच्या घरात पांढरी बटणं, चाळीस वर्षं.
तिथे हे कधी पाहिलं नव्हतं.
"काय गं?"
"काही नाही. चरईला भिंतीत ओल असायची.
कुमुदवन्सं एकदा मोरीच्या दारापर्यंत उडाल्या होत्या."
आणि चमचे पुसायला घेतले.

मी तिला सगळं समजावलं. आत नवं आहे,
अर्थिंग आहे, धक्का बसूच शकत नाही.
"हो का," म्हणाली.
सकाळी चहाच्या वेळी पुन्हा पदर.

ती गेली त्याला महिना झाला.
कपाटाचा खरवडलेला रंग आणखी थोडा निघालाय,
तो मात्र आपला आपण.
परवा कणीक भिजवताना लाइटसाठी वळले
आणि बटणाआधी माझा हात
कुर्त्याच्या टोकाकडे गेला.

भोईरचा नंबर आहे माझ्याकडे.
त्यांच्या घरी कोण पुसायचं,
एवढंच विचारायचं आहे.