दार वाजवण्याआधी

नायकाचं नाव कुणीही सांगेल.
मी सांगतो त्याचं नाव यादीत नववं यायचं,
कधी अकरावं, कधी यायचंच नाही.
लायल मारबर.
तारमास्तर, हॉटेलातला कारकून, उशिरा पोचलेला डॉक्टर,
कोर्टात मागच्या बाकावर खोकणारा कुणी.
दुसऱ्या रिळात बहुतेक मेलेला.

ब्यूट गावात, चढावरच्या ओरियन थिएटरात
मी एकोणतीस वर्षं मशीन चालवलं.
खाली खाणकामगार, ओल्या लोकरीचा वास,
फिनिश, कॉर्निश, सर्बियन शिव्या एकाच अंधारात.
वर मी, कार्बनच्या कांड्या सरकवत,
वीतभर काचेतून बघत.
लोक नायिकेच्या खांद्यांकडे बघायचे.
मी तिच्या मागे, धूसर,
कपबशा उचलणाऱ्या मारबरकडे.

कारण तो ऐकायचा.
बाकीचे आपल्या वाक्याची वाट बघत उभे असत.
याच्या हातातली बशी जराशी कलायची
आणि मला कळायचं, बाई खोटं बोलतेय.

स्टुडिओला एकदा पत्र लिहून त्याचा फोटो मागितला.
नायकाचा आला. सही छापील.
इल्माने तो खुराड्याच्या फटीला ठोकला,
कोंबड्यांना वारा लागू नये म्हणून.
कामाला आला म्हणायचा.

माझा बाप खाणीत राहिला तेव्हा मी आठ वर्षांचा.
कंपनीचा माणूस आला.
उंबऱ्याबाहेर उभं राहून, हॅट डोक्यावरच,
त्याने कागदावरून नाव वाचलं,
तेही चुकीचं.
आईने कॉफी विचारली.
नको म्हणाला. अजून चार घरं करायची होती त्याला.

आणि अडतीसच्या जानेवारीत तो सिनेमा.
मारबर खाणीचा मुकादम, तीन मिनिटांचं काम.
बर्फातून चालत येतो, पायऱ्या चढतो,
आणि दार वाजवायच्या आधी
हॅट काढतो.
दार बंदच आहे. बघायला कुणी नाही.
केसांवर थोडा बर्फ पडू देतो.
मग वाजवतो.

रीळ बदलायची खूण हुकली माझी त्या रात्री.
पडदा पांढराफटक, खाली शिट्ट्या, बुटांचा दणदणाट,
मालक ट्रेव्हेना धापा टाकत जिना चढून आला.
काय सांगणार होतो त्याला?
की बावीस वर्षांनी आमच्या दारात
कुणीतरी हॅट काढली?

शनिवारी फिल्म नेमकी तिथेच तुटली.
शपथेवर सांगतो, मी तोडली नाही.
सांधताना चार चौकटी कापल्या.
दोन पुरल्या असत्या.

त्या तंबाखूच्या डबीत ठेवल्या.
इल्मा म्हणायची, ही फिल्म पेट घेते,
एक दिवस घर जाळशील या माणसापायी.
रिळं पुढे हेलेनाला गेली, मग मिसूलाला.
तिथे त्याचा हात कपाळाकडे निघतो न निघतो
तोच हॅट छातीशी.
तिथल्यांना वाटलं असेल, घाईत आहे बिचारा.
सेकंदाचा सहावा हिस्सा, पण चोरी ती चोरीच.
डबी अजून माझ्याकडे आहे.

चव्वेचाळीसच्या जुलैत टेलिग्रामचं पोरगं,
पंधरा वर्षांचं, सायकल टाकून मशीनघरात आलं.
पाकीट कोस्किनेनच्या घरचं.
म्हातारीला इंग्रजी येत नाही, म्हणालं,
तुम्ही याल का?
ट्रेव्हेनाला मशीनवर बसवलं आणि गेलो.

पायऱ्या तीनच होत्या.
आत रेडिओवर कुणीतरी पावाची जाहिरात करत होतं.
बर्फ कुठला, ऊन भाजत होतं.
माझा हात वर गेला, सावकाश,
सगळ्या चौकटींसकट.
पोरगं माझ्याकडे बघत राहिलं,
मग त्यानेही टोपी काढली
आणि कुठे ठेवावी ते न कळून
काखेत धरली.

मग मी दार वाजवलं.