सतरा नंबर

पावसाळा सरला की सिमित्रीत आधी शिरतो कोयता.
शंभा परब दोन दिवस गवत कापतो,
कमरेएवढं, पात्यांच्या टोकांना अजून पाणी.
कापता कापता मध्येच थांबतो,
कारण खाली कोण आहे ते त्याला पाठ आहे.
"हय दुमिंग मास्तर," म्हणतो,
आणि कोयता आडवा धरतो.

तिसऱ्या दिवशी चुना.
चिऱ्याच्या भिंतीवर तो धड बसत नाही,
शेवाळ त्याच्यातूनही डोकावतं.

मी रातराणीने उतरलो दोन नोव्हेंबरला,
कुडाळच्या स्टँडवर घेतलेले गोंडे,
मेणवातींचे दोन पुडे,
खिशात आईच्या अक्षरातली चिठ्ठी: इनास, सतरा.

फाटकात पासकू वही घेऊन.
"सतरा? सतरा आता बस्त्यावाचो.
तुझ्या बापाशीक सात वर्सां झाली.
मोठी हाडां काढून भितीतल्या हौदात घातली,
बारीकसारीक थयच रवला.
खाली तुझो बापूस, वर बस्त्याव.
जागा खय आसा दुसरी?"

बस्त्याव लोबो.
ज्याच्याशी माझा बाप एकोणीस वर्षं बोलला नाही.
गडगा वीतभर आमच्यात की वीतभर त्यांच्यात.
वेंगुर्ल्याच्या कोर्टात तारीख असली
की दोघे एकाच एसटीने जायचे,
एक ड्रायव्हरच्या पाठीला, एक शेवटच्या बाकावर.
येताना तसंच.
दोघांचे वकील मात्र एका टेबलावर बांगडा खायचे.
गडग्यावरच्या माडाचा नारळ पडला
की दोन्ही घरं आवाज ऐकायची
आणि कुणीच उठायचं नाही.
एका वर्षी तिथे पाच कोंब उभे होते
ओळीने,
साक्षीदारांसारखे.

सतरावर कोन्सू आधीच बसलेली,
बस्त्यावाची बायको.
तांबडी माती ओली करून
माडाच्या पिड्याने थापत होती, बाजू सारख्या करत,
पोर निजवताना थोपटावं तितकंच.
कडेने तिसऱ्यांची शिंपी.
वर्षभर खाल्लेल्या तिसऱ्यांची ती धुऊन ठेवते,
ह्या एका दिवसासाठी.

मी उभा. हातात पिशवी.
तिने वर पाहिलं.
"इनासाचो मां तू? नाक तसाच."
मग बोटाने मातीच्या उंचवट्यावर रेघ मारली,
डोक्यापासून पायांपर्यंत, सरळ,
कोर्टाच्या मोजणीदाराला जमली नाही इतकी.
"हयसून तुझा."

मी माझ्या बाजूला गोंडे लावले.
तिच्या बाजूला अबोली, झेंडूच्या पाकळ्यांचा क्रूस,
त्याचा एक हात रेघेच्या इकडे आला होता.
मी काही बोललो नाही.
बापाने बोलला असता.

संध्याकाळी समुद्राकडून वारा.
मेणवाती पेटतात, विझतात,
पोरं एका थडग्याची वात दुसऱ्याला लावत पळतात,
कुणाचं कोण ते न बघता.
पाद्री पाणी शिंपडत आला, मागे पासकू, वहीतून नावं.
"सोळा, सांतान. सतरा, बस्त्याव."
आणि पुढे निघाले.

"आनी इनास," कोन्सू म्हणाली.
मोठ्याने. सगळ्यांनी मागे पाहिलं.
"वहीत नाय गो तो," पासकू.
"वहीत नसात. फोंडात आसा."

पाद्री मागे आला. पाणी शिंपडलं.
थेंब माझ्या चष्म्यावरही पडले.

फाटकाशी मी तिला काहीतरी म्हणणार होतो.
तिने हाताने थांबवलं.
"तुझ्यासाठी नाय हां.
तेचा नाव घेतला नसता
तर रातभर माझ्या घोवाक निजाक देवचो नाय तो."

घरी परतलो गडग्याच्या कडेकडेने.
निकाल अजून लागलेला नाही,
आईने पुढची तारीख कॅलेंडरवर गोल केली आहे.

मध्यरात्री माडावरून नारळ पडला.
सवयीने उठलो नाही.
पलीकडे कोन्सू खोकली.