तुलनेचा तक्ता

रात्री साडेअकरा. भांडुपच्या खोलीत
एका पडद्यावर नऊ खिडक्या उघडून बसलोय,
आणि दहावी, खरी, गजाची,
जिच्यातून पिठाच्या गिरणीचं शटर दिसतं.
नऊ धनुष्यवाले. तक्त्यात रकाने पाडलेत:
रंग, अक्षर, फोटो, किती टिचक्यांत किंमत.

पहिला काळा. सगळाच काळा.
काळ्यातून एक हात येतो, दोरी हनुवटीशी आणतो
आणि थांबतो.
बाण सुटेल सुटेल म्हणून मी चहा गार केला.
सुटत नाही. खालून ओळ वर येते:
खरेदी करा.

दुसरा इतका पांढरा की डोळे बारीक करावे लागतात.
लिंब, रिझर, स्टॅबिलायझर,
ऑपरेशनच्या ट्रेमधल्या हत्यारांसारखे
सुटे सुटे, आपापल्या सावलीसकट.
वजन ग्रॅममध्ये, दशांशापर्यंत.
हे सगळं जोडणारं माणूस
कुठल्याच पानावर नाही.

तिसऱ्यावर जंगल.
अक्षरांवरसुद्धा झाडीचे ठिपके,
त्यामुळे पत्ता शोधायला शिकाऱ्यासारखं दबकत जावं लागतं.
हरणाचं डोकं उजव्या कोपऱ्यात,
जिथे बाकीचे पिशवीचं चित्र ठेवतात.
रकान्यात लिहिलं: परिणामकारक.
मग खोडलं.
मग परत लिहिलं.

चौथा, पाचवा, सहावा एकमेकांचे मावसभाऊ.
तिघांकडे तोच पोरगा, तोच नेम,
सहाव्याने फोटो उलटा फिरवलाय,
म्हणून तो डावखुरा झालाय
आणि छातीवरचा क्रमांक आरशातला.

हे सगळं चांगुणा तांडेलसाठी.
वेसाव्याला, खाडीकडच्या गल्लीत,
जिन्याखाली दोन खिळे
आणि त्यांच्यामध्ये ताणलेले अठरा पदर.
बापाने जाळं विणायला शिकवलं,
त्याच बोटांनी ती प्रत्यंचा वळते,
मेण लावते, पीळ ओठांनी मोजते.
धाकटीच्या शाळेत धनुर्विद्या आली,
दोरी तुटली, नवीची किंमत कळली,
"एवढ्याशा दोऱ्याला?" म्हणाली,
आणि धंदा सुरू झाला.
जाळ्याची सुई अजून त्याच डब्यात असते.

काल तिला नऊच्या नऊ दाखवले.
ओल्या बोटाने पान सरकेना,
तिने हात पदराला पुसला.
पांढरा बघितला न बघितला. हरणाला हसली.
काळ्यापाशी मात्र थांबली.
"ह्याची सर्विंग सुटलीय बघ, मधल्या बोटाच्या खाली.
दहा बाणात तुटंल."
मी चित्र मोठं केलं, अजून मोठं.
होता खरंच.
केसाएवढा एक तंतू, उजेडात उभा राहिलेला,
कुणीतरी फार प्रेमाने टिपलेल्या उजेडात.

तुझं कसं करू, विचारलं.
"फोन नंबर मोठा टाक.
पोरं स्पर्धेच्या दिवशी सकाळी सहाला फोन करतात,
तुटकी दोरी हातात घेऊन, रडकुंडीला आलेली.
त्यांना रंग दिसत नाय."

म्हणून आता, पावणेबाराला,
एक रकाना वाढवलाय: चुकलेले बाण.
नवांच्या नवांना शून्य.
सगळे पिवळ्या वर्तुळात, दाटीवाटीने,
एकावर एक.
फळ्याच्या मागे गवतात वाकून
पायाने चाचपत
बाण शोधणारं एकही पोर नाही,
आणि चांगुणाबाईची सगळी गिऱ्हाइकं तर तीच.

फोटो काढायला तिने दिलेली दोरी
वरच्या गजाला अडकवलीय, खालच्याला फास.
उजेड बरा पडेना.
सहज बोटाने ओढली आणि सोडली.

ह्याला रकाना नव्हता.

भिंतीपलीकडून कुणीतरी दोनदा थाप मारली.
गिरणीवरचं कुत्रं उठलं, वर बघून पुन्हा बसलं.
मी दिवा मालवला,
आणि अजून एकदा, हळू,
कान गजाला लावून.